पाच भोकांची पट्टी

मोहोपाडा,
१२ नोव्हेंबर १९७९

चि. कान्हा,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की परत धाडायचे, ते तू ठरव. पावणेपाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज वहीतले कागद फाडून बसलो, म्हणून तुझी सोनूवहिनी दारात उभी राहून बघत होती. सोनूला सांगितलं, कामाचं पत्र आहे. खोटं नाही, कामाचंच आहे.

काम असं, की तू आमच्या कारखान्याच्या टेलेक्सवर काही पाठवतोस का? पाठवत असशील तर थांबव. साहेबाच्या नजरेला आलं तर मेमो मला मिळेल, नागपूरच्या बातमी-कचेरीत बसलेल्या तुला नाही.

ऑक्टोबरच्या दहा तारखेपासून रोज दुपारी बारा चाळीसला आमचं यंत्र आपलं आपण सुरू होतं. तेव्हा जेवणाची सुट्टी असते. ऑफिसात मी आणि विमलबाई टायपिस्ट, दोघंच डबा खात असतो. यंत्र एक ओळ छापतं आणि गप्प बसतं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द जगातल्या कुठल्याही भाषेतले नाहीत. कळांवरून मांजर चालून गेल्यासारखी ओळ. पहिल्या दिवशी विमलबाई हसल्या. "हिरूभाऊ, तुमचा कचरा आला," म्हणाल्या. आता हसत नाहीत. बारा पस्तीस झाले, की डबा उचलून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसतात. मला मात्र जाता येत नाही, यंत्र माझ्या ताब्यात आहे.

तुझा संशय का आला ते इंदूलाही कळावं म्हणून सविस्तर लिहितो. तू पत्र टाकून दिलंस तरी तुझी बायको ते उचलून वाचेल, एवढी मी तिला ओळखतो. तर इंदू, आमच्या धंद्यात निरोप आधी कागदाच्या अरुंद पट्टीवर टोचून घेतात. एक अक्षर म्हणजे पट्टीवर एक आडवी ओळ, जास्तीत जास्त पाच भोकांची. मग पट्टी यंत्रात घातली, की यंत्र भोकं चाचपत अक्षरं छापत जातं. पण भोकांना भाषा नसते. तीच भोकं माझ्या यंत्रात गेली तर इंग्रजी अक्षर उमटतं, तुझ्या नवऱ्याच्या यंत्रात गेली तर नागरी. एकाची पट्टी दुसऱ्याच्या यंत्रात घातली तर निव्वळ भुसा. त्र्याहत्तरच्या दिवाळीला कान्हाने मला हौसेने शुभेच्छांची पट्टी पोस्टाने पाठवली होती. यंत्रात घातली आणि असाच भुसा बाहेर आला. मागाहून याचं कार्ड आलं, "दादा, चुकलो. माझं यंत्र नागरी, तुझं इंग्रजी. यापुढं हातानंच लिहीन."

हा रोजचा कचरा मला त्या दिवाळीच्या पट्टीसारखा दिसतो. म्हणून विचारलं.

राग असेल तर पत्रातून शिव्या घाल. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी तुला धड कळवलं नाही, असं तू सगळ्या नातेवाइकांत सांगितलंस, तरी मी तोंड उघडलं नाही. मी कळवलं होतं. पट्टी पाठवली होती, रजिस्टर पोस्टाने. पावती अजून ट्रंकेत आहे. तू आला नाहीस, त्याला मी काय करू?

हिरू


मोहोपाडा,
२४ नोव्हेंबर १९७९

चि. कान्हा,

उत्तर नाही. बरं. उत्तर न देणं हा तुझा जुनाच धंदा आहे.

तरी लिहितो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. सोनूला सांगितलं तर ती चौक गावच्या देवऋषीकडे जाईल, आणि साहेबाला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे पाठवेल.

टेलिफोन खात्याचा माणूस आणवला. त्याने दोन तास तारा तपासल्या आणि "सगळं ठीक आहे" म्हणून चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी बारा वाजताच लाइनची जोडणी काढून ठेवली. बारा चाळीसला यंत्राची मोटर घुमायला लागली. मी हातात डब्याचं झाकण घेऊन उभा होतो. एक ओळ छापली आणि थांबलं. लाइनची पिन माझ्यासमोर टेबलावर पडली होती.

तुला माहीत आहे, निरोपाच्या वर पाठवणाऱ्याची खूण छापून येते. दीड महिना या ओळीवर कुणाचीच खूण नव्हती. काल आली. आमच्याच कारखान्याची. म्हणजे पाठवणारंही हेच यंत्र आणि घेणारंही हेच. विमलबाईंना कागद दाखवला तर त्यांनी हात लावला नाही, लांबूनच वाचला. म्हणाल्या, "हिरूभाऊ, यात दोनच ओळी आहेत हो. आलटून पालटून त्याच येतात. कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारतंय." मी म्हटलं, बाई, जेवा गुपचूप.

तुझ्यावरचा संशय गेला. आता वाटतं, तूच असतास तर बरं झालं असतं.

या खुर्चीवर खरं तर तू बसायला हवा होतास. कारखान्याने जमिनी घेतल्या तेव्हा घरटी एक नोकरी दिली आणि बाबांनी कागदावर तुझं नाव सांगितलं. थोरला मी, आणि नाव तुझं. तू म्हणालास, "ज्यानं शेत गिळलं त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," आणि टायपिंगचं सर्टिफिकेट घेऊन नागपूरला निघालास. बाबा अंगणातून ओरडले, "गेलास तर या उंबऱ्याला परत शिवू नको!" तुझं नाव खोडून त्यावर माझं लिहिलं. तो कागद मी पाहिला आहे. तुझं नाव खोडलेलंसुद्धा माझ्या नावापेक्षा ठळक दिसतं.

हिरू


मोहोपाडा,
५ डिसेंबर १९७९

कान्हा,

वाचता आलं. न आलं असतं तर सुखी राहिलो असतो.

सोमवारी यंत्राचं तेलपाणी करायला मेकॅनिक आला. त्याच्या पिशवीत नागरी यंत्राच्या कळांचा तक्ता होता. मी सहज मागितल्यासारखा मागितला आणि उतरवून घेतला. मग ड्रॉवरमधले ते कागद काढले. एकही फेकला नव्हता, सगळे तारीख घालून ठेवले होते. इंग्रजी अक्षर पाहायचं, त्या कळेवर नागरीत काय आहे ते बघायचं आणि लिहायचं. पहिली ओळ लावायला दहा मिनिटं लागली.

"कान्हाला कळवलंस का रं."

दुसरी ओळ.

"उत्तर काय आलं."

विमलबाई बरोबर होत्या. पन्नासच्या आसपास कागद, आणि फक्त ही दोन वाक्यं.

तू इथं नव्हतास, म्हणून तुला ठाऊक नाही. बाबांचं डावं अंग गेल्यावर ते चार वर्षं ओटीवरच होते. त्यांचं सगळं मी आणि सोनूने केलं. तेव्हा मी दुपारी सायकलवरून जेवायला घरी यायचो. ओटीवर पाय ठेवायचो तेव्हा बरोबर बारा चाळीस झालेले असायचे. शेवटच्या अकरा दिवसांत ते रोज, मी चपला काढायच्या आत, हेच दोन प्रश्न विचारायचे. एक दिवस हा, एक दिवस तो. जीभ जड झाली होती, पण शब्द हेच. मी म्हणायचो, "कळवलं, बाबा." मी म्हणायचो, "अजून आलं नाही, बाबा." अकराव्या दिवशी मी आलो तेव्हा ते दाराकडे बघत होते आणि काही विचारलं नाही. सोनू म्हणाली, "आत्ताच गेले. तुमची वाट बघत हुते." माझी नाही, कान्हा. उत्तराची.

बाबांना सही येत नव्हती, अंगठा द्यायचे. आपल्या दोघांना कर्जतच्या टायपिंग क्लासात घातलं तेव्हा म्हणाले होते, "एकानं इंग्रजी शिका, एकानं मराठी, म्हंजे घरात कशाचं अडायचं नाय." त्या माणसाला आता कळा सापडतात.

तुला आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी. ते सगळे कागद मी पुन्हा पुन्हा लावून पाहिले ते एवढ्यासाठी, की त्यात कुठं माझं नाव आहे का. नाही. चार वर्षं ज्याने कुशीवर वळवलं त्याचं नाव नाही. तुझं आहे.

हिरू


मोहोपाडा,
१२ डिसेंबर १९७९

कान्हा,

हे पत्र इंदूला वाचू देऊ नको. नाहीतर दे. आता काय फरक पडतो?

मागे मी लिहिलं की मी कळवलं होतं. ते खरं आहे, आणि तितकंच खोटं आहे. आज सांगून टाकतो.

पंचाहत्तरच्या मार्चात बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्याला तार कर. म्हणावं, ये. माजा राग गेला. दिस थोडं हायत." मी तार केली नाही. पत्रही लिहिलं नाही. मी बाबांना सांगितलं, तारेपेक्षा पट्टी चांगली, त्याच्या यंत्रात घातली की सगळं छापून येतं, आणि रजिस्टरने पाठवली म्हणजे हरवत नाही. बाबांना काय कळणार होतं? त्यांना वाटलं, पोरगा शिकलेला आहे, करतो ते बरोबर करत असेल. त्यांनी उजव्या हाताने माझा खांदा थोपटला. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी ऑफिसात बसून पट्टी टोचली. माझ्या इंग्रजी यंत्रावर. मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. "कान्हा ये. बाबांचा राग गेला. दिवस थोडे." तुझं यंत्र नागरी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझं त्र्याहत्तरचं कार्ड तेव्हा माझ्या खिशात होतं. पत्ता त्यावरूनच उतरवला. पट्टी तुझ्या यंत्रात गेली की भुसा बाहेर येणार, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी ती पाठवली. उद्या कुणी विचारलं तर पावती दाखवता येईल, आणि तू येणार नाहीस. सापही मेला आणि काठीही शाबूत.

का केलं? कारण तू आला असतास तर चार दिवसांत सगळं तुझं झालं असतं. तू ओटीवर बसला असतास, बाबा तुझा हात धरून रडले असते, आणि मी आत भाताचं पातेलं उतरवत असतो. एवढंच कारण आहे. मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

त्या वेळी पट्टी दुहेरी टोचली होती, एक तुला आणि एक मी ठेवली. का ठेवली ते मलाच सांगता येत नाही. इतकी वर्षं ती पावतीशेजारी ट्रंकेत होती. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला सोनूने ट्रंक आवरायला काढली, तेव्हा घाबरून मी ती पाण्याच्या बंबात घालून जाळली. दहा तारखेपासून यंत्र बोलायला लागलं.

आता कालचं ऐक. मी ठरवलं, उत्तर द्यायचं. तक्ता समोर ठेवला आणि या वेळी नागरीच्या हिशेबाने एकेक कळ शोधून पट्टी टोचली. "कळवलं होतं, बाबा." बारा चाळीसला यंत्र घुमलं, त्याची ओळ छापून झाली, आणि मी पट्टी लावून चालू केली. लाइन जोडलेली नव्हती. पट्टी संपली. यंत्र थांबलं. मला वाटलं, सुटलो.

मग ते पुन्हा चालू झालं. सावकाश. एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. जड जिभेचा माणूस बोलतो तसं. मला तक्ता बघावा लागला नाही, इतक्या दिवसांत कळा पाठ झाल्या आहेत. कागदावर पहिल्यांदा माझं नाव आलं.

"हिरू. त्याला वाचता येल असं कळवलंस का रं."

मी जागेवरच बसून राहिलो. सुट्टी संपून माणसं आत आली, विमलबाई आल्या, त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवला. भली बाई आहे.

आज मी रजेवर आहे. उद्याही जाणार नाही. पण किती दिवस? रजा वाढवली तरी चोवीस तारखेच्या सोमवारी जावंच लागेल. मला त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि खरं उत्तर टोचायला माझी बोटं चालत नाहीत. बाबा माझ्यावर विश्वास ठेवून गेले होते. तेवढंच माझ्याकडे होतं, आणि तेच आता मला स्वतःच्या हाताने त्यांना परत द्यायचं आहे. कान्हा, मला भीती वाटते. यंत्राची नाही. हे वाचल्यावर ते गप्प होतील आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत, याची.

तू मला माफ करू नको. पण एक ओळ लिही. हाताने लिही.

हिरू


नागपूर,
२० डिसेंबर १९७९

दादा,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिली तीन मी फोडली नव्हती. चौथं आलं त्या दिवशी इंदूने चारही फोडून ओळीने मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "आता तुम्ही बोलणार की मी बोलू?" तिला ठाऊक आहे. म्हणून मीच बोलतो.

तुझी पट्टी मी वाचली होती. आली त्याच दिवशी.

आमच्या कचेरीत दोन यंत्रं आहेत. दिल्लीची बातमी इंग्रजीवर येते, ती मराठीत करून आम्ही नागरीवर चढवतो. असं दोन वर्षं केलं, की भोकं नुसत्या नजरेने वाचता येतात, दोन्हीकडची. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तुझी पट्टी मी कुठल्याच यंत्रात घातली नाही. पाकिटातून काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि वाचली. "कान्हा ये." पुढचंही वाचलं. मग गुंडाळून खिशात ठेवली आणि ड्यूटीवर बसलो.

त्या पट्टीत मला दोन निरोप दिसले. एक बाबांचा, ये म्हणून. दुसरा तुझा, येऊ नको म्हणून. तू हिशेबी माणूस, तुझ्या हातून इंग्रजी पट्टी चुकून निघणार नाही हे मला लगेच कळलं. दोघांपैकी मी तुझं ऐकलं. ते सोपं होतं. बाबांच्या समोर उभं राहायची माझी छाती नव्हती, दादा. अर्धं अंग गेलेला बाप मला बघायचा नव्हता. तू मला फसवलंस असं तुला इतकी वर्षं वाटलं; तू खरं तर मला न येण्याचं कारण दिलंस. ते मी वापरलं. मावशीला सांगितलं, मामांना सांगितलं, "दादाने काहीतरी इंग्रजी भेंडोळं पाठवलं, मला काय कळणार?" सगळ्यांनी तुला नावं ठेवली आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

तुझ्याकडे ऑक्टोबरात सुरू झालं. माझ्याकडे बाबांच्या तेराव्यापासून चालू आहे. दुपारी, बारा चाळीसला, माझ्या नागरी यंत्रावर एक ओळ येते. तिला काही अर्थ लागत नाही, असं बाकीचे म्हणतात. ती भोकं इंग्रजीची आहेत, म्हणून. मी पहिल्याच दिवशी वाचली. पावणेपाच वर्षं ती बदललेली नाही. मी रोज कागद फाडतो आणि रोज तेच येतं.

"कान्हा, वाचलंस ना."

मी एकदाही उत्तर दिलं नाही.

तुझी पत्रं ऐकली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की बाबा तुला माझ्या लिपीत विचारतात आणि मला तुझ्या. त्यांनी आपल्याला क्लासात घातलं होतं ना, घरात अडू नये म्हणून. आपण दोघांनी ते शिक्षण कशाला वापरलं, बघ.

मी शनिवारी निघतो. कर्जतला उतरून एसटीने चौकला येईन, तिथून चालत. इंदू बरोबर आहे. वहिनीला आधी सांगून ठेव, म्हणजे ती ओरडायची ते ओरडून घेईल. सोमवारी तुझ्याबरोबर ऑफिसात येईन. साहेबाला काय सांगायचं ते तू बघ. बारा चाळीसला तू खुर्चीवर बस, कळांवर मी बसतो.

खरं टोचायला बोटं चालत नाहीत म्हणालास. तुला टोचायचं नाही. बाबांनी विचारलंय ते मलाच सांगायचं आहे, आणि ते मी आज इथं कागदावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे ऐन वेळी पळता येणार नाही:

"बाबा, हिरूने कळवलं होतं. मला वाचता आलं होतं. मीच आलो नाही."

तुझा,
कान्हा